नकार कोणाचा मोजायचा?

साशंक : प्राण्यांवरच्या प्रयोगांची बाजू मांडताना तुम्ही फायद्याचा हिशेब दाखवता आणि माणसांवरच्या चाचण्यांची बाजू मांडताना संमतीपत्र पुढे करता. माझी पहिली हरकत या दुहेरी मापालाच आहे. फायदा हे खरे माप असेल, तर माणसालाही विचारायची गरज उरत नाही. हजारोंचे प्राण वाचणार असतील तर शंभरांची परवानगी कशाला घ्यायची? आणि संमती हे खरे माप असेल, तर पिंजऱ्यातल्या माकडाला सुई टोचण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण ते कधीच सही करणार नाही. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेत या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. पहिले कलम माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक मानते. तिसरे कलम सांगते की माणसावरचा प्रयोग आधी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे आखलेला असावा. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर जे केले त्याबद्दलचा तो निवाडा होता, आणि त्याच निवाड्याने प्राण्याला माणसाच्या आधीची पायरी ठरवून टाकले. या दोन कलमांना जोडणारे तत्त्व कोणते, ते संहितेत कुठेही लिहिलेले नाही. गेली पाऊणशे वर्षे आपण ते आहे असे धरून चाललो आहोत.

समर्थक : ही दोन मापे नव्हेत, एकाच दाराला लावलेली दोन कुलपे आहेत. फायदा जोखमीपेक्षा मोठा आहे का, हे पहिले कुलूप माणसाला आणि प्राण्याला सारखेच लागू आहे. ज्या चाचणीतून काही शिकायलाच मिळणार नाही, ती सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या तरी नीतिसमितीने नामंजूर करायची असते. माणूस समजून घेऊ शकतो आणि नाही म्हणू शकतो, म्हणून त्याच्यासाठी संमतीचे दुसरे कुलूप आहे. प्राण्याच्या बाबतीत ती जागा कायद्याने घेतली आहे. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना मुभा देतो, पण देखरेखीसाठी समितीची तरतूदही करतो. टाळता येईल तिथे प्रयोग टाळा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नका, असे तो सांगतो. पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली त्रिसूत्री आपण स्वीकारली आणि प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची चौथी अट तिला जोडली. आता फायद्याचे बोलायचे तर सर्पदंश घ्या. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे साप चावून दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारा बहुधा शेतात राबणारा असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा आजही घोड्याच्या रक्तातून येतो. घोड्याला वाढत्या मात्रेत विष टोचतात, त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती रक्तद्रवातून वेगळी काढतात. त्या घोड्याला सोडून द्या म्हणणाऱ्याने शेतकऱ्याला काय सांगायचे?

साशंक : घोड्याचे उदाहरण बळकट आहे. ते मी नाकारत नाही. मात्र त्याच्या बळावर बाकी सगळे प्रयोग तुम्हाला खपवता येणार नाहीत. घोडा तिथे औषध बनवतो. माणसाचे काय होईल याचे भाकीत त्याच्याकडून कुणी मागत नाही. प्रयोगशाळेतले कित्येक प्राणी भाकितासाठी वापरले जातात, आणि भाकीत चुकते तेव्हा दोन्ही बाजूंचा बळी जातो. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ नावाचे औषध सहा निरोगी तरुणांना टोचले. माकडांना जी मात्रा सुरक्षित ठरली होती तिच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती ती. काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सगळे वाचले, पण माकडांनी दिलेल्या हवाल्याची किंमत काय होती ते कळले. ज्या पेशींवर ते औषध काम करते, त्यांतल्या काही पेशींवर माणसात जो रेणू असतो तो त्या माकडांत नसतो, हे नंतर उमगले. आता तुम्हीच सांगा, ती माकडे कोणत्या फायद्यासाठी वापरली गेली? पहिल्या कुलपाची किल्ली म्हणजे भाकिताची खात्री. ती खात्रीच डळमळीत असेल, तर ते कुलूप नुसते टांगलेले आहे.

समर्थक : त्या चाचणीत दोन चुका झाल्या आणि त्यांतली एकच माकडांच्या नावावर लिहिता येते. दुसरी अशी की सहा जणांना काही मिनिटांच्या अंतराने औषध दिले गेले. पहिल्याचे काय होते ते पाहायला कुणी थांबले नाही. आता नव्या औषधाची पहिली मात्रा एकालाच देऊन वाट पाहण्याची रीत पडली आहे. प्राण्याचे उत्तर अपुरे असते, हे मला मान्य आहे. पण अपुरे उत्तर आणि निरुपयोगी उत्तर यांत फरक करायला हवा. कोव्हॅक्सिन ही कोविडवरची लस घ्या. २०२० मध्ये नागपूर परिसरातून पकडलेली ऱ्हीसस माकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत आणली. एकूण वीस माकडे, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार दिले, चौथ्याला नुसते द्रावण. दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी सगळ्यांना जिवंत विषाणूची बाधा केली. लस न मिळालेल्या गटाच्या फुफ्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या, लस मिळालेल्यांत त्या नव्हत्या. वीस जीव होते, हे मी झाकत नाही. पण त्यानंतर २५,८०० माणसांनी तिसऱ्या टप्प्यात हात पुढे केला, तो या उत्तराच्या भरवशावर.

साशंक : तारखा लावून पाहा. पहिल्या टप्प्यात माणसांना ही लस २०२०च्या जुलैमध्ये टोचायला सुरुवात झाली. माकडांचे निष्कर्ष जाहीर झाले सप्टेंबरमध्ये. त्याच जुलैच्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रुग्णालयांना पत्र लिहून १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी तयार करण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. त्यावर सडकून टीका झाली. अमेरिकेतही मॉडर्नाने १६ मार्चलाच पहिल्या स्वयंसेविकेला लस दिली, तेव्हा माकडांवरचा बाधेचा प्रयोग पूर्ण झालेला नव्हता. म्हणजे घाई असली की माणूस प्राण्याच्या आधीही रांगेत उभा राहू शकतो. मग प्राणी ही अटळ पायरी आहे, हे तुमचे म्हणणे कुठे राहिले? जी पायरी गरज पडताच बाजूला सारता येते, ती एरवी आपण सोयीसाठी वापरतो, असाच याचा अर्थ होतो.

समर्थक : माकडांच्या आधी लहान-मोठे उंदीर आणि ससे यांच्यावर विषारीपणाच्या तपासण्या झाल्या होत्या. माणसाला टोचण्याची परवानगी त्या तपासण्यांवर मिळाली. माकडांना विचारलेला प्रश्न निराळा होता: लस घेतलेल्या शरीरात खरा विषाणू शिरला, तर आजार कमी होतो की उलट बळावतो? हा प्रश्न हौसेचा नव्हता. १९६०च्या दशकात आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर, विषाणू मारून बनवलेली लस अमेरिकेत तान्ह्या मुलांना दिली गेली. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली मुलेच जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. कोव्हॅक्सिनही निष्क्रिय केलेल्या पूर्ण विषाणूचीच लस. पहिल्या टप्प्यात लस घेणारी माणसे थोडी होती आणि त्यांच्यावर बारीक नजर होती. हजारोंना टोचून, भर साथीत त्यांना घरी पाठवण्याआधी ही भीती फेडणे भाग होते. त्यासाठी कुणाला तरी जाणूनबुजून बाधा करावी लागते. ती माणसाला करता येत नाही, म्हणून माकड.

साशंक : करता येत नाही, असे नाही. केली गेली. २०२१च्या आरंभी लंडनमध्ये १८ ते ३० वयाच्या ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात कोविडचा विषाणू मुद्दाम सोडला. ज्यांची गणना झाली त्या ३४ पैकी १८ जणांना संसर्ग झाला, कुणाचीही प्रकृती गंभीर झाली नाही. काय होऊ शकते ते सगळे समजून घेऊन ते आले होते. मुंबईलाही ही गोष्ट नवी नाही. १८९७च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस सशांवर पाहिली आणि मग पहिली मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. जोखीम समजणारा आणि ती घेणारा एकच असेल, तर नीतीचा प्रश्न जवळजवळ सुटतो. म्हणून मी म्हणतो, जिथे भाकीतच हवे आहे तिथे समजणाऱ्याला विचारा, न समजणाऱ्याला पकडून आणू नका. पेशींवरच्या चाचण्या, चिपवर वाढवलेल्या ऊती, संगणकी प्रारूपे हे मार्गही आता आहेत. भारताने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत त्यांना जागा दिली, अमेरिकेने २०२२च्या अखेरीस प्राणीचाचणीची कायदेशीर सक्ती काढली.

समर्थक : हाफकिन यांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. स्वतःला टोचून घेतल्याने एवढेच कळले की एक माणूस जगला. लस प्लेग थोपवते का, हे कळायला टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट शेजारी हवे होते, आणि ते मिळाले भायखळ्याच्या तुरुंगात. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. पण प्लेग भिंतीच्या आत शिरलेला आणि बाहेर पडायची वाट बंद, अशा जागी स्वेच्छा कितपत उरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. लंडनच्या तरुणांना सुमारे साडेचार हजार पौंड मिळाले. तीच चाचणी आपल्याकडे भरवा आणि रांगेत कोण येईल ते पाहा. तुम्ही माकडाच्या जागी समजणारा माणूस ठेवता, पण प्रत्यक्षात तिथे येतो तो गरजू माणूस. प्राण्याला या साखळीतून सोडवले तर त्याचा भार हवेत विरत नाही, तो पुढच्या दुबळ्यावर पडतो. चिप आणि संगणक यकृताची एखादी पेशी काय करील ते सांगतील. गर्भ, ताप, मेंदू आणि प्रतिकारशक्ती एकत्र मिळून काय करतील, हे सांगायला त्यांना अजून वेळ आहे.

साशंक : आता आपण मूळ मुद्द्यावर आलो. तुमचे दुसरे कुलूप माणसाच्या बाबतीत तरी खरोखर लागलेले असते का? २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस दिली गेली. तिला चाचणी न म्हणता प्रात्यक्षिक प्रकल्प म्हटले गेले. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाले नाहीत, असे चौकशीत म्हटले गेले, आणि माझा मुद्दा त्यावर उभा नाही. २०१३च्या संसदीय समितीच्या अहवालात आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब आहे: १,९४८ वर अंगठे, २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. वसतिगृहातल्या आदिवासी मुलीच्या जागी अधीक्षक सही करतो, तेव्हा तिची आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याची स्थिती संमतीच्या दृष्टीने एकच होते. दोघांच्या वतीने त्यांचा सांभाळ करणारा बोलला. म्हणून मला वाटते, माणूस की प्राणी हा वाद वरवरचा आहे. जोखीम नेहमी त्याच्याकडे जाते ज्याला नाही म्हणता येत नाही. कधी तो माकड असतो, कधी कैदी, कधी मुलगी.

समर्थक : खम्ममचे समर्थन मी करणार नाही. उलट त्याचा तोटा तुम्ही सांगता त्याहून मोठा झाला. लस चांगली होती, जगभर ती टिकली. पण त्या प्रकरणाने जो अविश्वास पसरला त्याने आपल्याकडचे लसीकरण वर्षानुवर्षे मागे पडले आणि त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या मुलींना मोजावी लागणार आहे. संमती मोडली की फायदाही मोडतो. दोन्ही कुलपे एकमेकांना धरून असतात ती अशी. २०१९च्या नियमांनी दुर्बल गटांतल्या सहभागींची संमती, औषध अगदी नवे असेल तर, दृक्‌श्राव्य स्वरूपात नोंदवणे सक्तीचे केले, ते अशा प्रकरणांतून शिकूनच. पण याच रोगाची दुसरी चाचणी पाहा. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नजरेने तपासणी, आणि चौथ्याला जी नेहमीची व्यवस्था होती तीच. आठ वर्षांत एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आणले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना आज हीच तपासणी पहिली पसंती म्हणून सुचवते. हे उत्तर कोणताही उंदीर देऊ शकला नसता.

साशंक : आणि ते चौसष्ट? पेशीतपासणी कित्येक दशके जगाला ठाऊक होती. अमेरिकेत अशी चाचणी कुणी आखली असती, तर तपासणीविना ठेवलेल्या तीस हजारांवर स्त्रियांचा गट मंजूर झाला असता का? आपल्याकडे तो मंजूर झाला, कारण त्या बायकांना एरवीही काही मिळत नव्हते. म्हणजे आधीची उपेक्षा हीच त्यांना त्या गटात ठेवण्याची पात्रता ठरली.

समर्थक : तो आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणेन की चौथा गट नसता तर ३४ हा आकडा मुका राहिला असता. देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. गावात प्रयोगशाळा नाही, तज्ज्ञ नाही, अशा जागी कोणती पद्धत टिकेल हा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर अमेरिकेत मिळणारे नव्हते. त्या स्त्रियांकडून काही काढून घेतले नाही. पण द्यायचे राहिले, हे खरे. काढून घेणे आणि न देणे यांत नीतीने फरक करावा की नाही, यावर जाणत्यांत आजही एकमत नाही.

साशंक : मग मी तुम्हाला एक असा नियम दाखवतो जो तुम्ही आधीच मान्य केला आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांवरच्या मुलाला आईवडिलांच्या संमतीखेरीज त्याची स्वतःची तयारीही विचारावी लागते. त्याच्या होकाराला कायद्यात वजन नाही, तरी त्याचा नकार पाळायचा. म्हणजे संमती देण्याइतकी समज नसलेल्याचाही नकार मोजता येतो, हे आपण मान्य केलेच आहे. सात वर्षांचे मूल नाही म्हणते तेव्हा त्याला चाचणीची रचना समजलेली नसते. त्याला सुईची भीती वाटते. माकड हात मागे ओढते तेही त्याच भीतीने. काही प्रयोगशाळांत माकडांना खाऊ देऊन हात आपणहून पुढे करायला शिकवतात. ते शिकू शकते, तर त्याचा हात मागे घेणे हेही एक उत्तर आहे. मुलाची भीती नकार ठरते आणि माकडाची भीती हाताळणीतली अडचण ठरते. हा फरक कोणत्या तत्त्वावर?

समर्थक : मूल उद्या मोठे होईल आणि आपण त्याच्याशी कसे वागलो याचा जाब विचारील. त्याचा आजचा नकार आपण त्या उद्याच्या माणसासाठी पाळतो. शिवाय तोच नकार त्याच्या स्वतःच्या जीवावर बेतत असेल तर आपण बाजूला ठेवतो. म्हणजे मुलाच्या बाबतीतही नकार अखेरचा नाही, त्याचे हित अखेरचे आहे. माकडाला असा उद्या नाही. पण मीच माझ्या उत्तराकडे पाहतो तेव्हा त्यातली फट दिसते. जे मूल मतिमंद आहे आणि कधीच जाब विचारणार नाही, त्याचाही नकार मी पाळीन, आणि पाळलाच पाहिजे असे म्हणेन. तेव्हा माझे खरे कारण समज नव्हे आणि उद्याही नव्हे. ते माणसाचे आहे म्हणून मी पाळतो. आपल्या जातीच्या जीवाला झुकते माप देणे हे मी तत्त्व म्हणून सिद्ध करू शकत नाही. ते सोडायलाही मी तयार नाही, कारण ते सोडले की वसतिगृहातल्या मुलीला वाचवणारी भिंतही पडते. दुबळ्या माणसाला आजवर जे काही संरक्षण मिळाले, ते तो माणूस आहे एवढ्याच एका कारणावर मिळाले.

साशंक : तुम्ही ज्या भिंतीच्या आधाराने मुलीला वाचवता, तीच भिंत माकडाला बाहेर ठेवते. हे तुम्ही कबूल केलेत, तर मीही एक कबूल करतो. मी माकडाचा नकार पूर्ण मोजला, तर बाधेचा तो प्रयोग होणार नाही. मग लस थेट हजारोंना टोचावी लागेल, किंवा पैसे देऊन कुणाला तरी बाधा करावी लागेल, आणि आपल्या देशात तो कुणी कोण असेल ते तुम्ही सांगितलेच आहे. माझ्या तत्त्वाची किंमत गरजू माणसाने द्यावी, असे मी म्हणू शकत नाही. पण म्हणून माकडाचा नकार शून्य धरायचा, हेही मला पटत नाही. त्याला काही वजन द्यायचे असेल, तर ते किती, हे अर्जावर लिहायला लावले पाहिजे. आज प्राणीप्रयोगाच्या अर्जात जात, संख्या, भूल आणि यातनेची पातळी विचारतात. माणसांच्या चाचणीच्या अर्जात जोखीम, भरपाई आणि संमतीची भाषा विचारतात. दोन्हींत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ज्याच्यावर हे होणार आहे त्याने विरोध केला, तर तुम्ही थांबणार का? आणि थांबणार नसाल, तर त्याच्या जागी कोण आले असते?

समर्थक : तो प्रश्न अर्जावर असावा, हे मला मान्य आहे. माणसाच्या अर्जावर त्याचे एकच उत्तर चालेल: थांबणार. प्राण्याच्या अर्जावर मी बहुतेक वेळा न थांबण्याच्या बाजूने मत देईन, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला दिसत असेल. तुम्ही बहुतेक वेळा थांबण्याच्या बाजूने द्याल. आपले मत जुळणार नाही. पण यापुढे आपल्यातला जो कुणी तो प्रयोग मंजूर करील, त्याला माकडाने काही म्हटलेच नव्हते, अशी सबब सांगता येणार नाही.